हरलेले प्लेऑफ आणि टेडीचा गुडघा : वायकिंग्सवाल्यांनो, आपापले अनुभव लिहा

प्लायमाउथची_मावशी :
शुक्रवारी संध्याकाळी लेकाच्या हायस्कूलची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. तो खेळत नाही, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणून आम्ही जातो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या शाळेचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) पास टाकायला मागे सरकला. जवळ कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही. पाय रोवला आणि खालीच बसला. सगळं स्टँड एकदम गप्प झालं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मला ३० ऑगस्ट २०१६ आठवला.

तेव्हा आम्ही ईडन प्रेरीत राहायचो. आपल्या मिनेसोटाच्या टीमचं, वायकिंग्सचं, सरावाचं मैदान, विंटर पार्क, तिथेच होतं. दोनच दिवस आधी नव्या स्टेडियममध्ये टीमची पहिली मॅच झालेली, गावभर जांभळे झेंडे. आणि मंगळवारी साध्या सरावात, कुणी हात न लावता, आपल्या क्वार्टरबॅकचा, टेडी ब्रिजवॉटरचा, डावा गुडघा निखळला. २३ वर्षांचा मुलगा. खेळाडूंनी हेल्मेट आपटली, काही जण गुडघे टेकून प्रार्थनेला बसले. कोच झिमरने सराव तिथेच थांबवला. अँब्युलन्स आली. मी ऑफिसात होते, बाजूचा सहकारी फोन बघून खुर्चीतून उठला आणि नुसताच उभा राहिला.

मला स्कोअर फार लक्षात राहत नाहीत. माणसं राहतात. किक हुकल्यावर वॉल्शचा चेहरा, घोट्याला पट्ट्या बांधून लंगडणारा फार्व्ह, आणि टेडी. आज दिवसभर तेच डोक्यात आहे. तुम्हीही लिहा, कुठे होतात, कुणाबरोबर बघत होतात.

कोकणी_वायकिंग :
गॅरी अँडरसन. आत्ता एवढंच. बाळाला झोपवतोय.

जांभळी_जर्सी :
ताई, तो शाळेतला मुलगा कसा आहे??

प्लायमाउथची_मावशी :
एमआरआय सोमवारी आहे गं. आईच्या खांद्यावर हात टाकून चालत गेला बाहेर, म्हणजे बरंच म्हणायचं. कळलं की लिहिते.

मिनेसोटा_१९७३ :
तुम्ही सगळी मंडळी १९९८ पासून सुरुवात करता. मी इथे विद्यापीठात शिकायला आलो तेव्हा वायकिंग्स उघड्यावर खेळायचे, ब्लूमिंग्टनच्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमवर. आज तिथे मॉल ऑफ अमेरिका आहे. २८ डिसेंबर १९७५. त्या वर्षी आमची टीम १२ जिंकून २ हरलेली. डॅलसविरुद्ध १४-१० अशी पुढे होती, अर्ध्या मिनिटाचा खेळ राहिला होता. त्यांच्या क्वार्टरबॅकने, स्टॉबॅकने, ५० यार्डांचा पास नुसता वर भिरकावला आणि ड्रू पिअरसनने आमच्या नेट राइटला ढकलून तो कंबरेपाशी पकडला. १७-१४. असल्या पासला सगळं जग 'हेल मेरी' म्हणतं ते त्या दिवसापासून.

पण मावशी म्हणतात ते खरं, माणसं लक्षात राहतात. आमचा क्वार्टरबॅक फ्रॅन टार्केंटन. त्याच दिवशी जॉर्जियात घरी टीव्हीवर ही मॅच बघताना त्याचे वडील हार्ट अटॅकने गेले. मॅच संपल्यावर त्याला कळवलं. माझे वडील तेव्हा सांगलीला होते आणि पत्र पोचायला तीन आठवडे लागायचे. त्या रात्री मी त्यांना पत्र लिहायला बसलो.

जांभळी_जर्सी :
काका 🙏 हे माहीतच नव्हतं मला. टार्केंटनचं.

नवीनच_आलोय :
नमस्कार, मी तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलो. एक कळत नाही, ११ जण खेळतात तर एकट्या क्वार्टरबॅकवर एवढं का? क्रिकेटमध्ये एक जण जखमी झाला तर दुसरा येतो.

अर्धवट_चहा :
कारण आक्रमणाचा जवळजवळ प्रत्येक चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरच्यांची मांडणी बघून ऐनवेळी बेत बदलायचा तर तोच बदलतो. आणि दुसरा सहजासहजी मिळत नाही रे. टेडी पडल्यावर चार दिवसांत आपण फिलाडेल्फियाकडून सॅम ब्रॅडफर्ड आणला, त्यासाठी पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचा हक्क देऊन टाकला. ५-० अशी सुरुवात झाली आणि शेवट ८-८.
बाय द वे कुठल्या भागात राहतोस? स्नो टायर घेतलेस का? आत्ताच घे.

नवीनच_आलोय :
वुडबरी. टायर वेगळे घ्यावे लागतात??

अर्धवट_चहा :
व्यनि कर. सगळं सांगतो.

गुडघेतज्ज्ञ_नाही_पण_फिजिओ :
टेडीबद्दल एक सांगते, कारण लोकांना वाटतं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, संपलं. त्याचा सांधाच निखळला होता. लिगामेंट तुटणं वेगळं आणि मांडीचं हाड नडगीच्या हाडावरून सरकणं वेगळं. गुडघ्याच्या मागून पायाची मुख्य रक्तवाहिनी जाते. सांधा निखळताना ती ताणली गेली किंवा फाटली आणि काही तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही, तर पाय कापायची वेळ येते. त्या दिवशी मैदानावर वायकिंग्सचे ट्रेनर एरिक शुगरमन आणि त्यांच्या माणसांनी मिनिटांत जे केलं त्याने त्याचा पाय वाचला. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. ते सगळं वाचून रात्री माझी पुस्तकं काढून बसले होते.
असा पेशंट पुन्हा चालला तरी आम्हाला आनंद होतो. हा माणूस पुन्हा एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, खेळला.

जांभळी_जर्सी :
आणि तो आला तो दिवस!! १७ डिसेंबर २०१७, सिनसिनाटीविरुद्ध. मॅच आपण केव्हाच जिंकलेली, म्हणून शेवटी त्याला आत पाठवलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. सगळं स्टेडियम उभं. पहिलाच पास आपल्याच मॅकिनॉनच्या हाताला लागून उडाला आणि इंटरसेप्ट झाला, म्हणजे समोरच्यांनी पकडला. तरी लोक टाळ्या वाजवतच राहिले. माझा नवरा कधी रडत नाही, त्या दिवशी रडला. पुढे २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या क्वार्टरबॅकच्या, ब्रीसच्या, अंगठ्याला लागलं तेव्हा सेंट्ससाठी टेडी सलग पाच मॅच जिंकला. सेंट्ससाठी!! तरी मी घरात ओरडत होते.

कोकणी_वायकिंग :
झोपलं एकदाचं. हां, तर १७ जानेवारी १९९९. मी नववीत. बाबांची बदली इथे झालेली, शाळेत बोलायला कुणी नाही. रँडी मॉसचं ते पहिलंच वर्ष आणि त्याच्यामुळे मला मित्र मिळाले, सोमवारी सगळी पोरं त्याच्याबद्दलच बोलायची. टीम १५-१. त्या सीझनमध्ये ५५६ गुण, तेव्हाचा विक्रम. आणि गॅरी अँडरसनने अख्ख्या सीझनमध्ये एकही किक चुकवली नव्हती. ३५ पैकी ३५. अटलांटाविरुद्ध २७-२० पुढे, दोन मिनिटं उरलेली, जवळजवळ चाळीस यार्डांची किक, वर छत, वारा नाही. डावीकडून गेली. त्यांनी बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये त्यांच्या मॉर्टन अँडरसनने किक मारली, तीही साधारण तेवढ्याच अंतरावरून. आत.
आई स्वयंपाकघरातून विचारत होती, संपलं का, पानं घेऊ का. कुणी उत्तरच दिलं नाही. बाबा उठले, कोट घातला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेले. बर्फ पडलाच नव्हता त्या दिवशी.
मी अजून म्हणतो, शेवटच्या अर्ध्या मिनिटात चेंडू आपल्याकडे होता, डेनिस ग्रीनने गुडघा टेकायला लावून वेळ घालवायला नको होता. कनिंगहॅम, मॉस, कार्टर हाताशी असताना?

बफेलोकर :
परक्या घरात आलोय, पण आपलं दुःख एकच आहे. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, तुम्ही चारदा हरलात, आम्ही चारदा, आणि आमचे चार लागोपाठ. २७ जानेवारी १९९१, टँपा, जायंट्स २०, आम्ही १९, स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांची किक उजवीकडून गेली. दुसऱ्या दिवशी बफेलोत नायगरा स्क्वेअरला हजारो लोक टीमच्या स्वागताला जमले आणि नॉरवुडच्या नावाने ओरडायला लागले, तो बोलायला उभा राहीपर्यंत थांबेनात. शिव्या नाहीत, प्रेमाने. माझ्या सासऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. ते म्हणतात, त्या दिवसानंतर हे गाव सोडून जावंसं वाटलं नाही.
शेवटच्या १३ सेकंदांत निसटलेल्या मॅचबद्दल मी बोलणार नाही. जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

प्लायमाउथची_मावशी :
या हो, परकं कसलं. आमचा रिसीव्हर (पास पकडणारा) डिग्ज २०२० मध्ये तुमच्याकडेच दिला की.

तिळाची_वडी :
कुणाच्या लक्षात आलंय का, आपली बहुतेक मोठी दुःखं हळदीकुंकवाच्या दिवसांच्या आसपासची आहेत? संक्रांत ते रथसप्तमी, इथे हळदीकुंकू रविवारीच ठेवावं लागतं आणि प्लेऑफही रविवारी. १० जानेवारी २०१६. पुढच्या रविवारी माझ्याकडे बायका यायच्या होत्या. बाहेर उणे २१ सेल्सिअस. स्टेडियम विद्यापीठाचं, उघडं. आपले जुने कोच बड ग्रँट म्हातारपणी हाफ शर्टात टॉसला आले होते, आठवतं? मी वाण बांधत बघत होते. ९-० पुढे होतो, मग सिअॅटल १०-९. शेवटी २६ सेकंद, २७ यार्ड. ब्लेअर वॉल्शने आधी तीन किक मारलेल्या, आपले नऊच्या नऊ गुण त्याचेच. चौथी डावीकडून गेली. चेंडूचे दोरे त्याच्या बाजूला होते हे खरं, पण त्याने कुणावर ढकललं नाही. लॉकरपाशी उभा राहून सगळ्यांना उत्तरं दिली.
त्या आठवड्यात ब्लेनच्या एका शाळेतल्या पहिलीच्या मुलांनी त्याला पत्रं लिहिली आणि तो त्यांना भेटायला वर्गात गेला. मी ती बातमी माझ्या मुलीला वाचून दाखवली. ती पण पहिलीतच होती. तिनेही चिठ्ठी लिहिली, सोबत तिळगूळ पाठवायचा हट्ट धरला.

जांभळी_जर्सी :
पाठवलास का??

तिळाची_वडी :
पाठवला. पोचला का ते माहीत नाही. चांगल्या गुळाचा होता.

अर्धवट_चहा :
चिकीचा गूळ इथे कुठे मिळतो? विषय निघालाय म्हणून.

नाशिक_परतलेला :
मी आता नाशकात. १४ जानेवारी २०१८ संक्रांत आणि तिकडे सेंट्सची मॅच. इथे सोमवार उजाडत होता. हेडफोन लावून गच्चीत. २४-२३ मागे, १० सेकंद. कीनमचा पास, डिग्जने पकडला, मार्कस विल्यम्स त्याच्या पायाखालून निघून गेला, ६१ यार्ड, टचडाउन, २९-२४. मी असा ओरडलो की शेजारच्या आजी पळत आल्या. तिळगूळ देऊन शांत केलं.
लोक मला विचारतात की आता तिकडे नाहीस तर टीम का सोडत नाहीस. सात हिवाळे काढले त्या गावात, पहिली नोकरी, मुलगा तिथला. सोडायचं कसं?

फिलीवाली :
आणि पुढच्या रविवारी आमच्याकडे फिलाडेल्फियाला आम्ही तुम्हाला हरवलं, ३८-७. माफ करा, मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. 😬 पण आमचंही ऐका. १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजलिसमध्ये आमच्या क्वार्टरबॅकचं, वेंट्झचं, लिगामेंट तुटलं. तुटलेल्या गुडघ्यावर तो तिथेच राहिला आणि चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, टचडाउनचा पास टाकून मग बाहेर गेला. आमच्या घरात सुतक. मग बदली फोल्सने सुपर बोल जिंकून दिला, ४१-३३. वेंट्झ बाजूला उभा होता. मला जिंकल्याचा आनंद होताच, पण कॅमेरा त्याच्यावर गेला की जीव तुटायचा.

कोकणी_वायकिंग :
आणि तो सुपर बोल कुठे झाला? मिनीॲपोलिसला. आमच्या स्टेडियममध्ये. त्याआधी कुठलीच टीम स्वतःच्या घरी सुपर बोल खेळली नव्हती, आम्ही एक मॅच दूर होतो. माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये आठवडाभर हिरवे शर्ट.

मिनेसोटा_१९७३ :
फार्व्हबद्दल कुणी लिहिलं नाही. २४ जानेवारी २०१०, न्यू ऑर्लिन्स. आपला ४० वर्षांचा क्वार्टरबॅक, अख्खी मॅच मार खाल्ला, घोटा सुजलेला. २८-२८. शेवटी किकच्या अंतराच्या कडेला आलो आणि १२ जण मैदानात म्हणून पाच यार्ड मागे. त्याच्यापुढे थोडी मोकळी जागा होती, पण त्या घोट्यावर पळणार कसा? पास उलट्या दिशेला टाकला आणि ट्रेसी पोर्टरने पकडला. ओव्हरटाइमला ३१-२८. दोन वर्षांनी सेंट्सच्या बक्षिसांचं प्रकरण बाहेर आलं, समोरच्याला जखमी करण्याबद्दल पैसे. कोच पेटनवर पूर्ण वर्षाची बंदी आली. आम्हाला ती मॅच परत मिळाली नाही. माझी बायको त्याआधी फुटबॉल बघत नसे. त्या रात्रीपासून बघायला लागली, रागाने.

प्लायमाउथची_मावशी :
एमआरआय आला! मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलाय पण लिगामेंट शाबूत. सीझन गेला, पुढच्या वर्षी खेळेल म्हणतायत. बँडच्या मुलांनी मिळून मोठं कार्ड केलंय.

गुडघेतज्ज्ञ_नाही_पण_फिजिओ :
वा! मेनिस्कस शिवला असेल तर घाई करू देऊ नका म्हणावं. शिवलेला जुळून यायला वेळ लागतो. १६ व्या वर्षी छान भरून येतो.

डॅलसकर :
उशिरा वाचतोय. सगळ्यांना सहानुभूती. पण काका, पिअरसनने ढकललं नव्हतं. तो स्वतः इतकी वर्षं तेच सांगतोय.

मिनेसोटा_१९७३ :
तो सांगणारच. ढकललं होतं. पास पकडला तेव्हा केशरी काहीतरी उडालं, आम्हाला वाटलं पंचांचा फाउलचा फ्लॅग पडला, आम्ही नाचलो. ते कुणीतरी फेकलेलं संत्रं निघालं. मग कुणी बाटली फेकली आणि आर्मेन टर्झियन या पंचाच्या कपाळाला लागली, ते मात्र वाईटच झालं, त्याचं समर्थन मी करत नाही. पण फ्लॅग पडायला हवा होता. तुम्ही कधी मिनीॲपोलिसला आलात तर घरी या, बायको पुरणपोळ्या करेल, आपण ती क्लिप मोठ्या टीव्हीवर हळू करून बघू.

डॅलसकर :
येतो. तूप घालून.