मदत हवी आहे: गॅमा किरणांनी विषाणू मारताना प्रथिनं कशी वाचवतात?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारला गॅमा किरणांनी निष्क्रिय केलेल्या लसी हा विषय घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीये.

कोबाल्ट-६० (गॅमा किरण देणारा किरणोत्सर्गी धातू) चे किरण विषाणूच्या जनुकद्रव्यावर थेट आदळून त्याचे तुकडे करतात, इथवर ठीक. पण नमुना द्रवरूप असेल तर पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (दिसेल त्या रेणूशी झटकन अभिक्रिया करणारे तुकडे) तयार होतात आणि ते पृष्ठभागावरच्या प्रथिनांचीही वाट लावतात. लसीसाठी नेमकी तीच शाबूत हवीत! म्हणून नमुना ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर), उणे ७८ अंशांच्या आसपास गोठवून किरण देतात. रॅडिकल फारसे हलू शकत नाहीत, पण मग विषाणू मारायलाही त्यांची मदत कमी होते, म्हणून किरणांचा डोस वाढवावा लागतो.

आता विषाणू ज्या द्रवात ठेवलाय त्या माध्यमात सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) किंवा ग्लिसरॉल असेल तर तेही रॅडिकल टिपून घेणार. मग सीरममधल्या आणि नुसत्या बफरमधल्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणातल्या) विषाणूंचे डोसचे किलोग्रेमधले (शोषलेल्या किरणांचं एकक) आकडे एकाच तक्त्यात मांडायचे का? गाईड म्हणतात चालेल. मला नाही पटत. शिवाय जनुकद्रव्य जितकं छोटं तितका डोस जास्त, हा ढोबळ नियम गोठवलेल्या नमुन्यालाही तसाच लावायचा का?

विकिरण-जीवशास्त्रातलं कुणी असेल तर प्लीज सांगा. परीक्षक बाहेरचे आहेत, खोदून विचारतात म्हणे.