चोर्ला घाटातून कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढायचीय, पिकअपला काय बदल करू?

खानापूरकर: डबल कॅब पिकअप, मागे १२०० किलोची कॅरॅव्हॅन. हिच (ट्रेलर जोडायचा मागचा गोळ्याचा हुक) बसवलाय, पण वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा हलतो. हौद्यात सामानाची पेटी कुठे ठेवू?

निपाणीकर: दादा, हिचच्या गोळ्यावर भार कमी पडतोय. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १२० ते १८० किलो हवा. जड सामान ट्रेलरच्या आसाच्या पुढे सरकवा. मात्र हिचवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका.

चिकोडीकर: पेटी केबिनला चिकटून. हौद्याच्या मागच्या फाळक्याजवळ वजन ठेवलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं. साखळ्या दोन, हिचखाली फुलीसारख्या. कपलर (हिचच्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड) सुटला तरी ट्रेलरचा दांडा त्यांत अडकतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) तापून ब्रेक लागेनासे होतात.