नावाबरोबर कारणही विचारा

वस्तीतल्या लोकांना आवडतं पुस्तक विचारायचं आणि त्यातून भिंतचित्र उभं करायचं, ही कल्पना फार सुंदर आहे. फक्त सर्वाधिक मतं मिळालेली पुस्तकंच घ्यायची, ही सूचना मात्र मला पटत नाही. मतमोजणी केली की सगळ्यांना माहीत असलेली तीच चार नावं वर येतात आणि एखादीने जिवापाड जपलेलं पुस्तक गळून जातं.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या वाहनतळाची भिंत फडताळात उभ्या लावलेल्या पुस्तकांसारखी सजवली आहे. एकेक पुस्तक सुमारे २५ फूट उंच! नावं वाचकांनी सुचवली, निवड ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी केली. काम देखणंच आहे, पण कोणतं पुस्तक कोणाला का भावलं, हे ती भिंत सांगत नाही.

म्हणून नावाबरोबर दोन ओळी लिहून घ्या, शक्यतो ज्याच्या त्याच्या अक्षरात. लिहिता न येणाऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं पुस्तकही आवडतं असतंच. आणि मुखपृष्ठं जशीच्या तशी रंगवू नका, त्या चित्रांवर सहसा कॉपीराइट असतो. तुमच्या चित्रकारांना नव्याने काढू द्या.