राज रेड्डी: ट्युरिंगच्या आधीची वाट

संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डींना १९९४चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला, पण मला त्याआधीची वाट जास्त भावते. चित्तूर जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा मद्रासच्या गिंडी इंजिनियरिंग कॉलेजातून सिव्हिल इंजिनियर होतो, ऑस्ट्रेलियात एमटेक, मग आयबीएममध्ये नोकरी, आणि चांगलं बस्तान बसलेलं सोडून अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या जॉन मॅकार्थींकडे पीएचडीला जातो. केवढी हिंमत! १९६९पासून अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात. ध्यास एकच, माणसाचं बोलणं यंत्राला कळावं. त्यांच्या हिअरसे प्रणालीला बुद्धिबळाची चाल तोंडी सांगायची. ऐकू आलेला शब्द धूसर असला, तर पटावर कोणती चाल शक्य आहे यावरून ती अंदाज बांधायची. सत्तरीच्या दशकात! शिवाय त्यांचे विद्यार्थी पाहा: जेम्स बेकर, काई-फू ली, दोघंही यंत्राला बोलणं समजावण्याच्या क्षेत्रातली मोठी नावं.