उत्परिवर्तन, फेरफार, प्रसार, लागण: एचआयव्हीबद्दल लिहिताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न
आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी मराठीत पत्रक लिहीत आहे. त्यात एक वाक्य आहे: 'एचआयव्हीचे सतत उत्परिवर्तन होत असल्यामुळे त्याचा प्रसार होतो.' 'उत्परिवर्तन' फार जड वाटतो. 'फेरफार' चालेल का?

उत्तर
'फेरफार' नको. गावात फेरफार म्हटलं की तलाठ्याकडची नोंद आठवते, म्हणजे कुणीतरी अर्ज करून मुद्दाम घडवलेला बदल. 'कागदात फेरफार केला' यात तर लबाडीही येते. विषाणूमागे असा कुणाचाच हेतू नसतो. त्याची जनुकीय नक्कल उतरवणारं विकर (एन्झाइम) झालेली चूक तपासत नाही, म्हणून ती तशीच राहते. एचआयव्हीच्या जनुकीय मजकुरात साधारण ९,७०० अक्षरं असतात आणि सुमारे ३०,००० अक्षरांमागे एक चूक होते. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. आता चुकांचा अंदाज करा. 'उत्परिवर्तन' पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द आहे. तो ठेवा, शेजारी 'म्युटेशन' लिहा आणि 'नक्कल करताना झालेली चूक' असं एकदा समजावून द्या.

माझी खरी हरकत 'मुळे' या शब्दाला आहे. उत्परिवर्तन एका माणसाच्या शरीरात होतं, प्रसार माणसामाणसांत. लस अजून का नाही, एकाच वेळी अनेक औषधं का द्यावी लागतात, या प्रश्नांच्या उत्तरात उत्परिवर्तन येतं. लागण मात्र आजही असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, वापरलेल्या सुया आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटांनी होते. इतकी वर्षं इतका बदलूनही हा विषाणू हवेतून किंवा डासांमार्फत पसरू लागलेला नाही. तुमचं वाक्य वाचून एखादी ताई घाबरून विचारेल, 'आता हा नव्या रीतीनं पसरतो का?' ती भीती आपल्या वाक्यानं पेरायची नाही.

दुसरा प्रतिसाद
पण बदलाचा प्रसाराशी काहीच संबंध नाही, हेही खरं नाही ना? नेदरलँड्समध्ये २०२२ साली जास्त तीव्र प्रकार सापडल्याची बातमी होती.

उत्तर
संबंध आहे, आणि हे उदाहरण अगदी योग्य आहे. तो 'व्हीबी' नावाचा प्रकार १०९ जणांत आढळला. उपचारांपूर्वी त्यांच्या रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, इतर रुग्णांच्या साडेतीन ते साडेपाच पट होतं आणि रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी दुप्पट वेगानं घटत होत्या. व्हायरल लोड जास्त, तर दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त. इथे उत्परिवर्तनानं संभाव्यता वाढवली, वाट बदलली नाही. नेहमीची औषधं त्यालाही लागू पडली. शिवाय एका शरीरात विषाणूची असंख्य रूपं असली तरी लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणीत नव्या माणसात बहुधा त्यातलं एकच रूप मूळ धरतं. म्हणून 'जितका बदल तितका प्रसार' असं गणित मांडता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
मग 'प्रसार', 'लागण', 'संसर्ग', 'संक्रमण' यांतलं काय घेऊ?

उत्तर
एका व्यक्तीबद्दल 'लागण', समाजाबद्दल 'प्रसार'. 'संक्रमण' या अर्थानं हिंदीतून आलाय. मराठी कानाला त्यात आधी सूर्याचं मकरेत जाणं ऐकू येतं. 'संसर्ग' चुकीचा नाही, पण त्यात सहवासाचा अर्थ दडलेला आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना याच समजापायी वेगळं ताट आणि वेगळा पेला मिळालेला आहे. पत्रकात तो शब्द आलाच तर 'शिवल्याने, सोबत जेवल्याने लागण होत नाही' हे त्याच ओळीत लिहा.

आणखी एक. 'प्रतिकार' हा शब्द शरीरासाठी राखून ठेवा. विषाणूबद्दल 'औषधाला दाद देत नाही' म्हणा, ताईंना लगेच कळेल. उत्परिवर्तन आणि प्रसार खऱ्या अर्थानं एकत्र येतात ते इथे. गोळ्यांत खंड पडला की औषधाला दाद न देणारं रूप वरचढ होऊ शकतं आणि त्याच रूपाची लागण दुसऱ्यालाही होऊ शकते. उलट एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, नियमित घेऊन व्हायरल लोड चाचणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर घ्या.