सुरवंटाच्या गोष्टीने इंग्रजी येतं का?

खडूफळा:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'जिल्हा परिषदेच्या पोरांना इंग्रजी गोष्टी वाचून दाखवणं ही शहरी थेरं. आधी स्पेलिंगं पाठ करा.' तेव्हापासून डोकं भणभणतंय. २००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं, तेव्हापासून स्पेलिंगंच घोकतोय ना? मी दुसरीला एरिक कार्लच्या इंग्रजी चित्रपुस्तकातली भुकेल्या सुरवंटाची गोष्ट वाचून दाखवतो. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, आणि दर वेळी तो 'स्टिल हंग्री'. तिसऱ्यांदा वाचताना 'बट...' म्हणून मी मुद्दाम थांबलो. वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी मागून ओरडली, 'स्टिल हंग्री!' कुणी पाठ करून घेतलं होतं?

चिंचपाणी:
ओरडली म्हणजे आलं? आमच्या चिरंजीवांनाही गाणी तोंडपाठ आहेत. 'भूक लागली' इंग्रजीत सांग म्हटलं की आढ्याकडे बघतो. आणि पेअर, प्लम पाहिलेत कुणी तुमच्या गावात?

खडूफळा:
एकाने पेअर म्हणजे पेरू सांगितलं. चालू दिलं.

सातबारा:
चालू दिलं?! नाशपाती हो ती! मास्तरच असे, मग पोरं काय...

जुनी वही:
सबुरीने. 'पेरू' हा शब्दच पोर्तुगीज 'पेरा'वरून आला. पेरा म्हणजे नाशपाती. पोरगं मुळावरच पोचलं.

सातबारा:
मग पेपरात पोर्तुगीज लिहू दे त्याला. गुण तुम्ही द्या.

भाजीमंडई:
चित्रात नाशपाती आहे की बब्बूगोशा? कडक ती नाशपाती, मऊ तो बब्बूगोशा. भावही वेगळा.

सातबारा:
तुम्ही मध्ये पडू नका.

भाजीमंडई:
का? फळं आम्ही विकायची आणि नावं तुम्ही ठेवायची?

चिंचपाणी:
झालं, मंडई भरली! माझा प्रश्न तसाच राहिला. ओळ वाचली की लगेच मराठीत सांगता का?

खडूफळा:
आधी सांगायचो. पोरं इंग्रजी ऐकायचीच नाहीत, मराठीची वाट बघत बसायची. आता नुसतं चित्रावर बोट.

सातबारा:
वेळ आहे बुवा तुम्हाला. आम्ही मतदार याद्या घेऊन दारोदार. पुस्तकाला पैसे कोण देणार?

खडूफळा:
याद्यांचं सोळा आणे खरं. पण प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट फुकट आहे. एकच गोष्ट मराठीतही मिळते, इंग्रजीतही. छापून घ्यायलाही मुभा आहे.

सातबारा:
प्रिंटरला शाई तुम्ही पाठवणार वाटतं. बघतो. पेअरचा पेरू मात्र होऊ देणार नाही.

चिंचपाणी:
बरं बाई, आज रात्री मीही वाचून बघते. पोरगा झोपायच्या वेळी 'स्टिल हंग्री' म्हणाला, तर पोळ्या लाटायला मास्तरांनी यायचं.