लंडनमध्ये शिकताना तुमचा साधा दिवस कसा जातो / जायचा? अनुभव लिहा

लोकहो, माझा भाचा येत्या सप्टेंबरात मास्टर्सला लंडनला चाललाय. कोर्स, रँकिंग, व्हिसा सगळं त्याला तोंडपाठ आहे, पण परवा विचारतो, मावशी तिकडे साधा मंगळवार कसा असतो गं? मी शिकले 2011 ला, तेव्हा बसमध्ये ड्रायव्हरला सुट्टे पैसे देता यायचे, ते 2014 लाच बंद झालं, म्हणजे माझं सांगणं आता पुराणातली वांगी. माझं मत एवढंच की तिथे आपला दिवस कॉलेज ठरवत नाही, आपण कुठे राहतो ते ठरवतं. पटत नसेल तर भांडा, पण लिहा.

मूळ सातारा, मुक्काम कॅम्बरवेल

मावशींशी सहमत. कॅम्बरवेलला ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशनच नाही म्हणून मला त्यातल्या त्यात स्वस्त खोली मिळाली, आणि त्याची किंमत मी रोज बसमध्ये बसून फेडतो. 68 नंबर पकडायची, वर जायचं, पुढची सीट मिळाली तर त्या दिवसाचं रीडिंग होतं, नाही मिळाली तर होत नाही, इतकं सरळ आहे. भाडं 1.75 पौंड (हे 2025 चं), पण पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, परत पैसे कापत नाहीत. त्यामुळे माझ्या डोक्यात कायम एक तासाचं घड्याळ चालू असतं, म्हणजे दुकानात शिरलो की आधी तांदूळ नाही बघत, किती मिनिटं उरली ते बघतो, आणि 58 व्या मिनिटाला पिशव्या घेऊन स्टॉपकडे पळणारा माणूस दिसला तर तो मी. घरी कळलं तर हसतील, इंजिनिअर पोरगा पावणेदोन पौंडासाठी पळतोय म्हणून. अजून एक, स्टुडंट ऑयस्टरवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवास कार्डावर, 30 टक्के सूट असते ती पासवर, सुट्या प्रवासावर नाही. मी दोन महिने खुशीत टॅप करत फिरलो आणि मग कळलं की पूर्ण भाडं जातंय.

सांगलीकरीण, 2023 बॅच

खोलीबद्दल माझंही ऐका. आम्ही चौघी एका घरात, सगळ्या फुल टाइम स्टुडंट, त्यामुळे कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, माफ. युनिव्हर्सिटीचं पत्र दिलं की झालं. सप्टेंबरात एकीचा कोर्स संपला, तिला नोकरी लागली, आम्ही केक बिक कापला, आणि महिन्याभरात दारात पाकीट. घरात एक जरी नॉन-स्टुडंट मोठा माणूस आला की माफी संपते, 25 टक्के सूट मिळते पण बाकीचं बिल भरावंच लागतं. आता ते कोणी भरायचं? कायद्याने पाहिलं तर आम्ही तिघी हिशोबातच नव्हतो, पण ती म्हणे वायफाय वाटून घेतो तसं हेही वाटून घेऊ. पंधरा दिवस किचनमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं, चहा सुद्धा आपापला. शेवटी तिने अर्धं भरलं आणि आम्ही तिघींनी अर्धं, आणि मला अजून वाटतं आम्ही मूर्ख होतो. घर घेताना कोणाचा कोर्स कधी संपतो ते आधी विचारून ठेवा एवढंच.

मालवणचो

फायर अलार्मचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हॉस्टेल, रात्रीचे पावणेअकरा, सुके बोंबील तव्यावर. पुढचं सांगायला नको. पाच मजले खाली रस्त्यावर, कोणी टॉवेलमध्ये, कोणी ब्लँकेट घेऊन, आणि फायर ब्रिगेडचा माणूस मला विचारतोय व्हॉट वॉज इट. बोंबिलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात हे त्याला सांगायचं धाडस मी केलं नाही.

नाशिक, आता ईस्ट हॅम

मी आलो सप्टेंबर 2025 ला. तेव्हा व्हिसासाठी महिन्याला 1,483 प्रमाणे 9 महिन्यांचे 13,347 पौंड दाखवायचे होते, सलग 28 दिवस खात्यात. बाबांनी लोनचे पैसे तसेच ठेवले, हात लावला नाही. इथे आल्यावर ते बर्फासारखे वितळले हो. काम आठवड्याला 20 तासच, आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. माझा सगळा हिशोब असा होता की उन्हाळ्यात फुल टाइम करून भरून काढू, कारण शेजारचा बीएस्सीवाला करणार होता. पण मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा म्हणजे डिझर्टेशन, शेवटचा प्रबंध लिहायचा काळ, ती सुट्टी धरत नाहीत, तेव्हाही 20 च. हे मला आमच्या एजंटने सांगितलं नव्हतं, म्हणाला सगळं मॅनेज होतं. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये त्याच दिवशी संपणाऱ्या मालाला पिवळी स्टिकरं लावतात, मी शिफ्टवरून येताना तिथे थांबतो. स्टिकरवाल्या बाईंना आता माझा चेहरा पाठ आहे, ब्रेड दिसला की त्याच हाक मारतात.

पुणे, नाव नको

माझं छोटंसं. आई रात्री दहाला झोपते. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, पाचला लेक्चर सुटलं की फोन करायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली आणि फरक झाला साडेपाच तासांचा, म्हणजे माझं लेक्चर सुटेपर्यंत तिकडे साडेदहा. आईने पहिला आठवडा जागून काढला, बोलताना जांभया, मग मीच सांगितलं झोप. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, लायब्ररीतून बाहेर आलं की मध्यरात्रच वाटते आणि फोन करायला कोणी जागं नसतं. तेव्हा मी मेथी आणायला उगाचच वेम्बलीच्या ईलिंग रोडला जायचे. मेथी जवळच्या ड्रमंड स्ट्रीटला पण मिळायची, पण ईलिंग रोडवर बायका भाजी निवडताना भांडतात, ते ऐकायला.

नांदेड

10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहायचे, महाराष्ट्र सरकारने 2015 ला ते घर घेतलं. मी शिकायला आलो त्या पहिल्याच रविवारी चॉक फार्मला उतरून गेलो, वडलांना व्हिडिओ कॉल लावला. दार दाखवलं, निळी पाटी दाखवली. वडील काही बोललेच नाहीत, नंतर पाहिलं तर चपला काढून सरळ बसले होते. मग म्हणाले, इथून तुझं कॉलेज किती लांब? म्हटलं बाबा, कॉलेज जवळ आहे, माझी खोली लांब आहे, दीड तास.

पुन्हा मी, धागा काढणारी

भाच्याने सगळं वाचलं. बोंबील तो खात नाही. त्याचा एकच प्रश्न आहे, सातारकर, कॅम्बरवेलची ती खोली तुम्ही कधी सोडताय?